आधी हबची भोकं मोजा

मंडळी, टेबलावरचा हा हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, पाहा. उजव्या एक्सलमधून बारीक साखळी बाहेर आलीय. स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू नावाचा नमुना, तीन गियरचा. अंगावर '६२ ४' असं उमटवलंय, म्हणजे १९६२ चा एप्रिल. हा नमुना १९३६ साली आला. पहिल्या गियरला चाक मागच्या दातेरी चक्राच्या पाऊण पट फिरतं, दुसऱ्याला बरोबरीनं, तिसऱ्याला एक पूर्णांक एक तृतीयांश पट. याचं चाक कसं बांधायचं, हा आजचा विषय.

पण नावाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. स्टर्मी म्हणजे हेन्री स्टर्मी, आर्चर म्हणजे जेम्स आर्चर. ज्यांच्या डोक्यातून हा गियर निघाला त्या विल्यम रायली यांचं नाव यावर कुठेच नाही! रायलींचा आधीचा दोन गियरचा हब दुसऱ्या कंपनीकडे होता, आणि करार असा की त्यांचे पुढचे शोधही त्या कंपनीच्याच पदरात पडावेत. त्यामुळे तीन गियरचं पेटंट आर्चर यांच्या नावावर निघालं. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे फ्रँक बाऊडेन यांनी ते घेतलं, स्टर्मींचंही घेतलं, आणि १९०२ पासून दोघांचं जोडनाव जगभर गेलं. सोलापूरकरांना हे दुःख समजावून सांगायला नको. चादरीवर छाप कारखान्याचा असतो. नक्षी कुणी बसवली, ते नाव त्यावर नसतं. तेव्हा हा हब हातात घेताना रायलींची आठवण काढा, एवढी विनंती.

आता भोकं. इंग्रजी रिवाजाने मागच्या चाकाला ४० स्पोक, पुढच्याला ३२, कारण भार मागे. म्हणून जुने एडब्ल्यू बरेचसे ४० भोकांचे सापडतात. ३६ चेही निघतात. जर्मन टॉर्पेडो हब बहुधा ३६ चे. होतं काय, की माणूस आधी चकचकीत ॲल्युमिनियमची रिम घेऊन येतो, ती ३६ ची, आणि मग माळ्यावरचा हब काढतो, तो ४० चा. "चार भोकं रिकामी ठेवू की!" असं म्हणतात. हबच्या एका फ्लँजला, म्हणजे स्पोक अडकतात त्या कडेच्या चकतीला, २० भोकं, रिमला त्या बाजूची १८. दोन सोडली तरी उरलेली भोकं एकमेकांसमोर येत नाहीत. कुठे स्पोक लांब लागतो, कुठे आखूड. ताण कुठे जास्त, कुठे ढिला. अशा चाकाचं आऊट, म्हणजे डगमग, आज काढा, आठवड्याने परत आहेच. कुणी म्हणतं, रिमला नवी भोकं पाडू. ३६ आणि ४० ची भोकं सगळ्या वर्तुळात फक्त चार ठिकाणी जुळतात. बाकी रिमची चाळणी होईल, आणि त्या चाळणीवर माणूस बसणार आहे!

आणि हे सगळं सोलापुरात का व्हावं? ज्या ४० भोकांच्या रिमसाठी परदेशातले हौशी लोक वणवण करतात, ती आपल्याकडे दूधवाल्याच्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकात असते. २८ बाय दीड, रॉड ब्रेकची. आपली काळी सायकल इंग्रजी सायकलीवरूनच उतरली, तेव्हा ३२-४० चा हिशेबही तसाच उतरला. या हबला तीच रिम शोभते, आणि तीच झेपते.

फक्त इंचांवर भरवसा ठेवू नका, मिलिमीटर वाचा. टायर बसतो तिथला रिमचा व्यास २८ बाय दीडला ६३५. नव्या सायकलींची ७०० सी म्हणजे ६२२, पण तिच्या टायरवरही २८ लिहिलेलं असतं. २६ बाय १ ३/८ म्हणजे ५९०, २६ बाय दीड म्हणजे ५८४. सहा मिलिमीटरचाच फरक, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. आणि ब्रेक बघा. रॉड ब्रेक रिमला स्पोकच्या बाजूने धरतो, त्याला वेस्टवूड घडणीची रिम लागते. कॅलिपर दोन्ही अंगांनी धरतो, त्याला सपाट बाजूंची एंड्रिक.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत, आणि स्पोकच्या लांबीचा हिशेब तर बाकीच आहे. वही काढा.

दोन जुने स्पोक आट्यांच्या टोकापासून बरोबर २५० मिमीवर कापा, रिमच्या समोरासमोरच्या भोकांत निप्पल, म्हणजे स्पोक कसायचा बारीक नट, लावून ओढा, निप्पलच्या खाचेच्या तळाशी आटे येऊ द्या आणि मधलं अंतर मोजा. समजा ११२ भरलं, तर दोन स्पोकचे २५०-२५० धरून व्यास ६१२. काटकोनात पुन्हा मोजा, सरासरी घ्या. हबच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास समजा ६०, मध्यापासून फ्लँज २८ वर. ४० स्पोकला चार क्रॉस, म्हणजे एक स्पोक त्याच फ्लँजच्या चार स्पोकना छेदून जातो. ४ गुणिले ३६०, भागिले २०, कोन ७२ अंश. आता दोन्ही व्यासांचे निम्मे ३०६ आणि ३०, आणि २८, यांच्या वर्गांची बेरीज, त्यातून २ × ३०६ × ३० × कोसाइन ७२ वजा, वर्गमूळ, त्यातून हबच्या भोकाचा निम्मा व्यास १.३ वजा. उत्तर २९८. तीनच क्रॉस घेतले तर २८९. नऊ मिलिमीटरची तफावत पडते, म्हणून क्रॉस ठरवल्याशिवाय स्पोक आणू नका. लांबी मिलिमीटरभर कमी चालेल. जास्त झाली तर टोक ट्यूबला टोचतं, ते कानशीने घासावं लागतं.

जुन्या हबचा स्टीलचा फ्लँज पातळ असतो आणि आजच्या स्पोकचं वळण जाड ॲल्युमिनियमच्या बेताचं. डोकं सैल बसलं की स्पोक वळणावरच तुटतो. तिथे बारीक पितळी वायसर घाला. भोकांच्या कडेला जुन्या स्पोकचे खड्डे दिसतील, नवे स्पोक त्याच दिशेने ओवा.

एक शेवटचं, आणि हे नक्की लिहून घ्या. उजवीकडची मोठी बॉल रिंग, म्हणजे छर्रे धरणारी कडी, दोन तोंडांच्या आट्यांवर बसते; म्हणजे ती दोन जागांवरून चढू शकते. ती दुसऱ्या तोंडाने चढली तर बांधलेलं चाक पुन्हा आऊट दिसू शकतं. म्हणून हब आधी उघडा, साफ करा, तेल द्या, बंद करा, मग चाक बांधा. नंतर कधी उघडावाच लागला तर रिंग आणि बॉडीवर आधी एकाच रेषेत खूण करा.