काळ्या कातळातून गेलेलं गंधक

[दृश्य: खंडाळ्याचा घाट. पावसानं धुतलेला काळा कडा.]

गाडीतून पाहिलं तर हा कडा एकसलग काळा वाटतो. उतरून हात लावला, की बोटांना भोकं लागतात. काही रिकामी, काहींत पांढरे-हिरवट स्फटिक भरलेले. हे वायूचे बुडबुडे आहेत. लाव्हा थिजला तेव्हा आतच अडकून पडलेले. जे निसटले, ते हवेत गेले. आणि त्यांच्याबरोबर गंधकही गेलं.

किती गेलं, हा प्रश्न साधा नाही. दख्खनचा लाव्हा वाहत होता तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्याच काळाच्या आगेमागे. सल्फर डायऑक्साइड वातावरणात उंच पोचला, की त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि ऊन अडवतात. पृथ्वी गारठते. १७८३ साली आइसलंडमध्ये लाकीच्या भेगांतून आठ महिने लाव्हा वाहिला आणि सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला. तिथली जनावरं मेली, पाठोपाठ दुष्काळ आला, आणि बेटावरची पाचवा हिस्सा तरी माणसं गेली. मग आपल्या सह्याद्रीनं काय केलं असेल?

[दृश्य: प्रयोगशाळा. दगड फोडण्याचं यंत्र.]

आधी दगड निवडायचा. झिजलेली साल काढून टाकायची, स्फटिकांनी भरलेली भोकं वगळायची, कारण ती भर नंतर पाण्यानं आणून घातलेली असते. उरलेल्या ताज्या खडकाची पिठासारखी पूड करायची.

गंधक मोजायची जुनी रीत तराजूची. खडकातल्या गंधकाचं सल्फेट करायचं, त्यात बेरियम क्लोराइड घालायचं, खाली बसणारा पांढरा साका गाळून, भाजून वजन करायचं. त्या साक्याच्या १०० ग्रॅममध्ये १३.७४ ग्रॅम गंधक असतं. रीत चोख आहे. पण दशलक्षात १०० भाग गंधक असलेल्या खडकाची एक ग्रॅम पूड घेतली, तर साका भरतो जेमतेम ०.७ मिलिग्रॅम. गाळणकागदावर तेवढा सांडला तरी सगळा हिशेब गेला.

[दृश्य: भट्टी. क्रुसिबल लालभडक होते.]

म्हणून आता पूड जाळतात. चिनी मातीच्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे आग सोसणाऱ्या छोट्या भांड्यात, थोडी पूड, वर टंगस्टनचे कण, आणि ऑक्सिजनचा झोत. गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. हा वायू अवरक्त किरणांपैकी ठराविक लांबीचे किरण शोषतो; किती शोषले, त्यावरून गंधक कळतं. दोन-तीन मिनिटांत आकडा पडद्यावर येतो. त्याआधी रिकामी क्रुसिबल जाळून पाहायची आणि गंधकाचं प्रमाण माहीत असलेला नमुनाही. हे दोन्ही केल्याशिवाय त्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आणि तरीही हा आकडा आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही. भट्टी सांगते ते उरलेलं गंधक. सोडावॉटरची बाटली उघडी ठेवून तासाभरानं त्यात वायू किती होता, हे कसं सांगणार?

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पायरोक्सीनचे स्फटिक.]

उत्तर या स्फटिकांत आहे. लाव्हा भूगर्भात असतानाच, वायू निसटण्याआधी, पायरोक्सीन हे खनिज तयार होऊ लागतं आणि वाढताना वितळलेल्या खडकातलं किंचित गंधक आत घेतं. दशलक्षात मोजकेच भाग. भट्टीत जाळून ते सापडत नाही. एकेका स्फटिकावर सूक्ष्म झोत रोखून मोजावं लागतं. स्फटिकात किती आणि भोवतीच्या वितळलेल्या खडकात किती, हे गुणोत्तर प्रयोगशाळेत खडक वितळवून आधीच काढलेलं आहे. त्यावरून उलटा हिशेब मांडायचा.

सारा काल्लेगारो, डॉन बेकर या भूशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या लाव्ह्याचा असा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध केला. जीवसृष्टीच्या त्या विनाशाआधीच्या लाखभर वर्षांतल्या थरांत गंधक दशलक्षात १८०० भागांपर्यंत होतं. नंतरच्या थरांत ते साधारण ७५० भागांपर्यंतच.

१८०० भाग म्हणजे काय? एक घनमीटर कातळ सुमारे २९०० किलोचा. त्यामागे पाच किलो गंधक. ते सगळं निसटलं तर दहा किलो सल्फर डायऑक्साइड. एका घन किलोमीटरमागे एक कोटी टन. १९९१ साली फिलिपीन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीनं दीड ते दोन कोटी टन सोडला आणि पृथ्वीचं सरासरी तापमान वर्षभर सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं. दख्खनचा एकेक प्रवाह शेकडो घन किलोमीटरचा असू शकतो.

अर्थात भेगांतून वाहणाऱ्या लाव्ह्याचा सगळा वायू पिनाटुबोइतका उंच जात नाही. आणि तो किती वर्षांत बाहेर पडला, हे गंधकाचा आकडा सांगत नाही.

[दृश्य: कड्याच्या मधोमध तांबडा पट्टा. कॅमेरा स्थिर.]

दोन काळ्या प्रवाहांच्या मधला हा तांबडा पट्टा बघा. खालचा लाव्हा निवला, झिजला, त्याची अशी माती झाली, मग वरचा आला. इथे लाव्हा थांबला होता. किती काळ, ते या हातभर जाडीच्या मातीत शोधायचं आहे.