सुपारी फुटण्याआधी, दोघांनी मिळून

(तालुक्याच्या गावी भरलेल्या वधू-वर पालक मेळाव्यात ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार. आयोजकांना मी एकच विनंती केली होती, की मुलामुलींना बाहेर मांडवात न थांबवता इथे आईवडिलांच्या शेजारी बसवा. त्यांनी ती मानली, त्याबद्दल आभार. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांनी एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी, हे सांगायला मी आलेय. ऐकायचं सगळ्यांनी असलं तरी करायचं या मुलामुलींनाच आहे.

भोसरीला एक संशोधन संस्था आहे. पूर्वी तिचं नाव राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था होतं, 'नारी' म्हणायचे तिला. १९९३ ते १९९६ या काळात तिथल्या डॉक्टरांनी पुण्यात गुप्तरोगांच्या दवाखान्यात आलेल्या ९१६ बायकांची तपासणी केली. त्यातल्या ३९१ जणींचा देहविक्रयाशी काही संबंध नव्हता. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा या ३९१ पैकी १३.६ टक्के जणींना एचआयव्हीची लागण झालेली निघाली. या सगळ्या काहीतरी तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या बायका होत्या. त्यामुळे हा आकडा अख्ख्या समाजाला लावू नका. पण यातल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध आलेला नव्हता. त्यांची चूक एवढीच, की त्यांनी लग्न केलं होतं.

त्याला आता पंचवीस-तीस वर्षं झाली. लागण पुष्कळ कमी झाली, औषधं आली. तरी देशात आज अंदाजे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतायत आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले आहेत. आणि माझ्या खोलीत एक गोष्ट अजून तशीच घडते. बाईची पहिली तपासणी होते ती दिवस गेल्यावर, कारण गरोदरपणात सगळ्यांचीच करतात. नवऱ्याची तोवर झालेली नसते. मग रिपोर्ट आधी तिचा येतो आणि घरात शब्द निघतो, "हिनेच आणलं." नवऱ्याला बोलावलं तर तो चार-चार महिने येत नाही. सासू तिला माहेरी पोचवून येते. पोटात सातव्या महिन्याचं मूल, हातात गोळ्या आणि डोक्यावर आळ, अशा मुली मी समोरच्या खुर्चीत बसलेल्या पाहिल्यात. ज्याची तपासणी आधी झाली तो दोषी, असा आपला न्याय आहे. दोघांची तपासणी लग्नाआधी एकाच दिवशी झाली असती, तर हा आळ तिच्यावर आला नसता. मी आज इथे उभी आहे ती मुख्यतः एवढ्यासाठी.

आता कधी आणि कसं. पसंती झाली, दोन्हीकडून होकार आला, की सुपारी फुटायच्या आत. साखरपुडा झाल्यावर नको. तोवर हॉल ठरलेला असतो, पाहुण्यांत बोभाटा झालेला असतो, आणि मग मुलगा-मुलगी मोकळेपणानं बोलूच शकत नाहीत. बैठकीत देण्याघेण्याचं बोलायला आपण तीन-तीन तास काढतो. त्यातली पाच मिनिटं याला द्या. आणि विषय मुलाकडच्यांनी काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलीच्या बापानं काढला तर "आमच्यावर संशय घेता?" असं होतं आणि स्थळ हातचं जातं, ही भीती मला कळते. मुलाच्या वडिलांनी म्हणावं, "आमचा मुलगा जाणारच आहे, दोघं बरोबर जाऊन येऊ देत." मध्यस्थांनी सुचवलं तरी चालेल. फक्त मुलीकडूनच सर्टिफिकेट मागायचं, असा प्रकार मी पाहिलाय. तो कृपा करून कुणी करू नका.

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढताना 'आयसीटीसी' विचारा, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी होते ती खोली. फी नाही. दार लावून आधी बोलणं होतं. मग लेखी संमती घेतो, सही झाल्याशिवाय सुई लावत नाही. नळीवर नाव नसतं, क्रमांक असतो. पहिल्या किटवर काही दिसलं तर त्याच रक्तावर आणखी दोन वेगळ्या किट लावतात आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. बहुतेक वेळा त्याच दिवशी निकाल मिळतो. खासगी लॅबमध्येही रक्त तपासून मिळतं, पण तिथे कागद हातात देतात आणि पुढचं गिऱ्हाईक बोलावतात. तिथे राहून जातं ते बोलणं. गेल्या तीन महिन्यांत लागण झाली असेल तर ती या किटमध्ये दिसेलच असं नाही. 'मागच्या तीन महिन्यांत काही जोखमीचं घडलंय का?' हे आम्ही दार लावून, एकेकट्याला विचारतो. तसं असेल तर तीन महिन्यांनी परत यायला सांगतो. आईसमोर किंवा होणाऱ्या बायकोसमोर कोणता मुलगा याचं खरं उत्तर देईल?

काही जण म्हणतात, सरकारनं सक्तीच करून टाकावी. गोव्यात २००६ मध्ये तसा प्रस्ताव आला होता, त्यावर पुष्कळ वाद झाला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं तर १९८८ पासून सक्ती करून पाहिली. पहिल्या सहा महिन्यांत ७० हजारांवर लोकांची तपासणी झाली आणि पॉझिटिव्ह सापडले फक्त ८. जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न करू लागली आणि १९८९ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. आपल्याकडे सक्ती झाली तर पैसे देऊन कोरे दाखले मिळायला लागतील, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला तुमची मुलं स्वतःच्या पायांनी यायला हवीत.

गुप्ततेबद्दल. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रिपोर्ट ज्याचा त्यालाच मिळतो. काही अटी पाळून डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात, पण कायद्यातला जोडीदार म्हणजे नवरा-बायको किंवा तसे एकत्र राहणारे. लग्न ठरलेली मुलगी त्यात बसत नाही. तिच्या वडिलांनी कितीही ओळख काढली तरी मी तोंड उघडणार नाही. म्हणूनच दोघांनी बरोबर यावं आणि दोघांची तयारी असेल तर निकालही एकत्र ऐकावा.

आणि पॉझिटिव्ह आला तर? गोळ्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रात, मोफत मिळतात. रोज घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. ज्या अभ्यासातून हे पहिल्यांदा ठामपणे पुढे आलं, त्यात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती आणि त्यात आपल्या पुण्यातलीही होती. एकाला लागण, दुसऱ्याला नाही, अशी ती जोडपी. लवकर औषध सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली, असं २०११ मध्ये जाहीर झालं. उपचार नीट चालू असतील तर मूलही जवळजवळ नेहमीच बिनलागणीचं होतं. अशांना लग्नाचा हक्क नाही, असं १९९८ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं. २००२ मध्ये त्याच कोर्टाच्या मोठ्या पीठानं ते मत बाजूला केलं. समोरच्याला सगळं माहीत असेल आणि दोघांना लग्न करायचं असेल, तर करावं. आमच्याकडून सगळी मदत होईल.

मागून एका वडिलांनी चिठ्ठी पाठवलीय, "मुलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि मुलगी नको म्हणाली, तर गावात काय सांगायचं?" दादा, आपल्याकडे स्थळ मोडताना "योग नाही" म्हणायची पद्धत आहे आणि त्यावर कुणी पुढे विचारत नाही. तेवढंच सांगायचं. मुलीनंही तिच्या मैत्रिणीला, मावशीला, कुणालाही त्याहून एक शब्द जास्त सांगायचा नाही. हे दोघांनी माझ्या खोलीत येण्याआधीच एकमेकांशी बोलून घ्या, कारण रिपोर्ट कळल्यावर असलं काही सुचत नाही. कुणाला घरातून फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही एड्सची सरकारी हेल्पलाइन लावा, पैसे पडत नाहीत.