लेकराची शेवटची नोंद

[दृश्य : सकाळचा रामकुंड. ओल्या पायऱ्या, पाठमोरी माणसं.]

नाशिकच्या रामकुंडावर रोज लांबलांबून माणसं अस्थी घेऊन येतात. जाणारा केव्हाच गेलेला असतो. पण घरच्यांनी शेवटचं केल्याशिवाय तो सुटत नाही, असं आपण मानतो. प्रोग्रॅमिंगच्या सी भाषेतलं वेट, म्हणजे ‘थांब’ सांगणारं फंक्शन, मला इथेच नीट कळलं.

[दृश्य : सातपूर. कारखान्यातला संगणक, काळं टर्मिनल.]

सातपूरच्या एका कारखान्यासाठी मी प्रोग्रॅम लिहिला होता. दर पाच सेकंदांनी तो फोर्क व्हायचा, म्हणजे स्वतःची एक प्रत जन्माला घालायचा : मूळ तो पेरेंट, प्रत ती चाइल्ड प्रोसेस. चाइल्ड प्रोसेस आळीपाळीने एकेका मशीनचं रीडिंग घ्यायची, फाइलमध्ये लिहायची आणि एक्झिट व्हायची. सोमवारी दुपारी चालू केला. बुधवारी सकाळी फोन आला, रीडिंग बंद पडलंय.

प्रोसेसची यादी दाखवणारं पीएस मारलं. पडदाभर एकसारख्या ओळी. स्टेटस झेड, पुढे डिफंक्ट. सगळ्या झोंबी प्रोसेस : संपलेल्या, पण यादीतून न गेलेल्या.

दिवसाला 17,280 लेकरं जन्माला घालत होतो आणि एकाकडेही वळून बघत नव्हतो. त्या संगणकावर पीआयडीची, म्हणजे प्रत्येक प्रोसेसला मिळणाऱ्या क्रमांकाची, मर्यादा 32,768. ती दोन दिवसही पुरली नाही. फोर्क उणे एक परत देऊ लागला, म्हणजे नवं लेकरू जन्मेना.

चाइल्ड संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिची मेमरी, उघड्या फाइली, सगळं काढून घेतो. मागे राहते ती प्रोसेस टेबलातली लहानशी नोंद : तिचा पीआयडी, आणि ती कशी संपली ते. ही नोंद पेरेंटसाठी राखून ठेवलेली असते. प्रोसेसला जबरदस्तीने मारणाऱ्या किल नऊने ती जात नाही, मेलेल्याला पुन्हा मारता येत नाही. पेरेंटने वेट करून ती उचलावी लागते. पेरेंटच संपला, तर पोरक्या प्रोसेस सहसा एक नंबरची प्रोसेस, इनिट, दत्तक घेते आणि त्यांचं वेटही तीच करते. म्हणून मी प्रोग्रॅम बंद करताच सगळे झोंबी नाहीसे झाले.

[दृश्य : कोडच्या ओळी, जवळून.]

लूपमध्ये वेटचंच भावंड वेटपीआयडी घातलं, सोबत डब्ल्यूनोहँग हा पर्याय. कुणी संपलं असेल तर उचल, नसेल तर अडकून बसू नकोस. एकाच वेळी दोघं संपलेली असू शकतात, म्हणून उचलण्यासारखं कुणी उरत नाही तोवर पुन्हा पुन्हा विचारायचं.

वेट या नावामुळे थांबणं तेवढं डोळ्यात भरतं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते लेकराचं शेवटचं सांगणं ऐकून घेणं. सगळं ठीक असेल तर शून्य, नाहीतर दुसरा आकडा. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा छापून पाहिला.

तीन नंबरच्या मशीनची चाइल्ड दर वेळी 1 सांगून जात होती. सेन्सरची वायर सैल होती. सोमवारपासून.