दुसऱ्याचा कोड

[दृश्य: सकाळ. वाकडच्या पुलाखालून हिंजवडीकडे वळणाऱ्या कंपन्यांच्या बस.]

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, तळवडे. पुण्याच्या कडेकडेने उभ्या राहिलेल्या या इमारतींत माणसं रोज कोड लिहायला जातात, असं आपण सहज बोलून जातो. त्यांच्या शेजारी दिवसभर बसून पाहिलं तर वेगळंच दिसतं. बराचसा वेळ कोड वाचण्यात जातो, आणि तोही दुसऱ्याचा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या देशात, आता नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेला. 78 व्यावसायिक प्रोग्रामरांच्या 3,148 तासांच्या कामाची नोंद घेऊन एक अभ्यास झाला होता. त्यात सरासरी 58 टक्के वेळ आहे तो कोड समजून घेण्यातच गेलेला आढळला.

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मात्र विद्यार्थ्यासमोर बहुतेक वेळा कोरा पडदा असतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्याच्यासमोर लाखो ओळी येतात. "मेंटेनन्स प्रोजेक्ट मिळालाय", म्हणजे जुना कोड सांभाळायचं काम आलंय, हे घरी सांगताना पोरांचा आवाज खाली येतो, याचं मला फार वाईट वाटतं. हे काम बुद्धीचा कस लावणारं आहे, त्याला स्वतःचं शास्त्र आहे आणि त्या शास्त्रात पुण्याचाही वाटा आहे.

[दृश्य: पडद्यावर सरकणारा कोड.]

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आज तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. सेकंदाला एक ओळ, रात्रंदिवस न थांबता वाचली, तरी वर्ष सरत येईल, आणि तोवर त्यातल्या कित्येक ओळी बदललेल्या असतील. एवढी मोठी सिस्टिम पहिल्या पानापासून वाचता येत नाही. तिला प्रश्न विचारावे लागतात, आणि प्रत्येक प्रश्नाला हत्यार वेगळं लागतं.

"हा शब्द कुठे कुठे आलाय?" यासाठी ग्रेप. केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्स या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत लिहिलेलं हे हत्यार 1973 पासून युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे, आणि आजही अनोळखी कोडवर पहिला हात त्याचाच पडतो. पण ग्रेपला अक्षरं दिसतात, अर्थ दिसत नाही. "या फंक्शनला, कोडच्या या नाव दिलेल्या तुकड्याला, कोण कोण बोलावतं?" हे विचारायला बेल लॅब्समध्येच सीस्कोप तयार झालं. आज कोड लिहायच्या एडिटरमध्ये एका क्लिकवर हे उत्तर मिळतं. मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटरने अशी उत्तरं कशी मागवायची याचे ठरलेले नियम, खुला केला, तेव्हापासून ही सोय जवळपास प्रत्येक एडिटरमध्ये पोचली.

[दृश्य: हिरव्या अक्षरांचा जुना टर्मिनल. कोबोलचा कोड.]

यापुढचा प्रश्न अवघड आहे: "ही किंमत, म्हणजे इथे साठवलेला आकडा किंवा मजकूर, इथे आली कुठून?"

वायटूकेचा काळ आठवा. जुन्या प्रोग्रामांनी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवले होते. 1999 साठी 99, मग 2000 साठी 00. त्यामुळे वय, व्याज, मुदत, सगळीच वजाबाकी बिघडणार होती. काम वरवर सोपं वाटायचं: तारखा शोधा आणि दुरुस्त करा. पण कोबोल या जुन्या भाषेतल्या त्या प्रोग्रामांत तारीख "तारीख" या नावाने बसलेली असेलच याचा भरवसा नव्हता. फाईलमधून आलेली तारीख आधी एका तात्पुरत्या फील्डमध्ये जायची, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. त्या तिसऱ्याचं नाव पाहून आत तारीख आहे हे कुणालाही कळलं नसतं. शब्द शोधून इथे भागत नाही. किमतीचा माग काढत जावं लागतं, प्रत्येक वळणावर.

हा माग काढायचं एक शिस्तशीर तंत्र 1981 मध्ये संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी मांडलं: प्रोग्राम स्लायसिंग. तुम्ही एक ओळ आणि त्या ओळीवरचं एक व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची नाव दिलेली जागा, निवडता. त्या व्हेरिएबलच्या किमतीवर ज्या ओळींचा परिणाम होऊ शकतो तेवढ्याच ठेवायच्या, बाकीच्या बाजूला काढायच्या. उरते ती स्लाईस. दहा हजार ओळींतून कधी कधी दोनशेच उरतात. पुढच्याच वर्षी वायझर यांनी आणखी एक गोष्ट प्रयोगातून दाखवली. बग शोधताना प्रोग्रामर मनातल्या मनात हेच करत असतात. म्हणजे हे तंत्र माणसाच्या विचाराच्या चालीवरच उभं आहे.

[दृश्य: हडपसर औद्योगिक वसाहतीतले रस्ते.]

त्याच 1981 साली पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाईन सेंटर, म्हणजे टीआरडीडीसी, सुरू झालं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे फकीरचंद कोहली यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. पुढे अनेक वर्षं हडपसरमधून चाललेल्या या केंद्राने प्रोग्राम अ‍ॅनालिसिस, म्हणजे प्रोग्राम न चालवता त्याच्याबद्दल खात्रीने काय सांगता येईल, हा संशोधनाचा एक मोठा विषय मानला. पुण्याच्या आयटीबद्दल बोलताना आपण इमारती आणि पगार मोजतो. हे काम मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येतं.

प्रोग्राम न चालवता सगळं कळत नाही, हेही गणिताने सिद्ध झालेलं आहे. हेन्री राईस यांचं 1953 चं प्रमेय सांगतं, की प्रोग्राम कसा वागेल याबद्दलच्या कोणत्याही महत्त्वाच्या प्रश्नाचं प्रत्येक प्रोग्रामसाठी अचूक उत्तर देणारं हत्यार बनूच शकत नाही. म्हणून चांगलं अ‍ॅनालिसिस "असू शकेल" असं म्हणून थांबतं. कोणतं फंक्शन बोलवायचं हे प्रोग्राम चालू असतानाच ठरत असेल, तर स्लाईस फुगत जाते.

मग चालू सिस्टिमकडे पाहावं लागतं.

[दृश्य: पद्मावती-स्वारगेटची वर्दळ, मग कात्रजचा तलाव.]

कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा भुयारी नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधला गेला. त्या वाटेवर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. वरून आत डोकावता येईल, नळाची देखभाल करता येईल अशा जागा. बांधतानाच ठेवलेल्या. सॉफ्टवेअरमध्ये अशा जागा असल्या तर रात्री दोन वाजता प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली चालू सिस्टिम, बंद पडल्यावर माणसाला आधार मिळतो.

एका रिक्वेस्टचा, म्हणजे वापरणाऱ्याच्या एका मागणीचा, प्रवास वीस-तीस सर्व्हिसमधून, एकमेकांशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रामांमधून, होत असेल, तर ती नेमकी कुठे रखडली? गूगलच्या डॅपर या प्रणालीवरचा निबंध 2010 मध्ये आला. त्यातली कल्पना साधी होती: प्रत्येक रिक्वेस्टला शिरतानाच एक क्रमांक द्या आणि तो शेवटपर्यंत सोबत न्या. आज ओपनटेलिमेट्री ही खुली साधनं हेच करतात. एकाच मशीनच्या आत पाहायचं असेल तर 2005 मध्ये सोलॅरिस 10 या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेलं डीट्रेस होतं, लिनक्सवर आता ईबीपीएफ आहे. चालू सर्व्हर न थांबवता त्याला प्रश्न विचारता येतात. आणि ब्रेंडन ग्रेग यांचा 2011 चा फ्लेम ग्राफ. त्यात पट्टी जितकी रुंद, तितका त्या फंक्शनमध्ये प्रोसेसरचा वेळ जास्त. पाच मिनिटांत शिकता येतो. पुण्यातल्या प्रत्येक कॉलेजात तो दाखवायला हवा.

[दृश्य: मीटिंग रूम. एक जुना आणि एक नवा इंजिनिअर, स्क्रीनसमोर.]

शेवटचा प्रश्न आहे "का?" आणि सगळ्यात जास्त अडायला होतं ते इथेच.

"सर, या एकाच ग्राहकासाठी ही वेगळी अट का टाकलीय?"
"राहू दे रे. हात लावू नकोस, चालतंय ना."

त्या सरांनाही ठाऊक नसतं, हे उघड आहे. उत्तर असलंच तर गिटच्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या हत्याराच्या, इतिहासात असतं. गिट ब्लेम सांगतं की ही ओळ कुणी, कधी, कोणत्या बदलात आणली. एखादी चूक कोणत्या बदलाने शिरली हे शोधायला गिट बायसेक्ट आहे. ते दर वेळी उरलेला इतिहास अर्ध्यावर कापतं, म्हणून हजार बदलांतून दोषी बदल साधारण दहा तपासण्यांत सापडतो. पण त्या बदलाच्या नोंदीत "इश्यू फिक्स्ड" एवढंच लिहिलेलं असेल, तर वाट तिथेच संपते.

संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी 1985 मध्ये म्हटलं होतं की प्रोग्राम म्हणजे तो बांधणाऱ्यांच्या डोक्यातली एक समज असते, आणि ती कागदपत्रांतून पूर्णपणे दुसऱ्याला देता येत नाही. आपल्याकडच्या केटीकडे, नॉलेज ट्रान्स्फरकडे, मी याच नजरेने पाहतो. जुन्या टीमने चार आठवडे स्लाईड दाखवायच्या, नव्या टीमने माना डोलवायच्या, रेकॉर्डिंग फोल्डरमध्ये पडून राहायचं. त्याऐवजी पहिल्याच दिवशी नव्या माणसाच्या हातात एक खरं तिकीट, म्हणजे सोडवायची नोंदवलेली एखादी अडचण, द्यावं. त्याला ग्रेप करू द्या, प्रोग्राम मध्येच थांबवून पाहायला ब्रेकपॉइंट लावू द्या, अडू द्या. तो अडेल तेव्हा विचारेल, आणि विचारलेलं सांगायला जुना माणूस अजून शेजारी असेल. मिळालेलं उत्तर त्याच दिवशी, त्याच ओळीच्या बदलाच्या नोंदीत लिहावं.

आणि एक. रात्री आपोआप चालणारा कोणता जॉब डेटाबेसच्या कोणत्या टेबलमध्ये लिहितो, हे दाखवणारं हत्यार बाजारात तयार मिळणार नाही, कारण ती रचना तुमच्याच सिस्टिमची आहे. पन्नास ओळींच्या पायथॉनमध्ये ते लिहिता येतं. जॉबच्या फाईली वाचायच्या, टेबलांची नावं वेचायची, ग्राफव्हिझ या आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रामला देऊन नकाशा काढायचा. एका दुपारचं काम आहे. ती स्क्रिप्ट रिपॉझिटरीत, कोडच्या शेजारी ठेवावी, म्हणजे पुढच्या टीमला नकाशा नव्याने काढून घेता येईल.