जुनापाणीची शिळावर्तुळं

(ड्रोन : माळ, सकाळ)
नागपूरहून काटोल रोडला लागलं की थोड्याच अंतरावर जुनापाणी. वरून पाहिलं की धोंड्यांची ही रिंगणं चटकन ओळखू येतात. जमिनीवर उभं राहिलं तर मात्र दगड आणि गवत एवढंच. एकट्या जुनापाणीच्या माळावर अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत, आणि ही सगळी दफनं. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला, लोहयुगाचा.

(वर्तुळाची कड, मग आतला फुगीर भाग)
बांधणी बघा. बेसाल्टचे मोठाले धोंडे गोलात मांडलेले. आत मृताच्या अस्थी, शेजारी काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या. कुऱ्हाडीचा दांडा हलू नये म्हणून पात्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असत. लोहाराचं काम पक्कं होतं. मग भर पडली ती काळ्या चिकण मातीची. आपण उभे आहोत तो माळ मुरमाड, म्हणजे ही माती वाहून आणलेली. एका माणसासाठी किती टोपल्या डोक्यावरून आल्या असतील, करा हिशोब! तिच्यावर दगडगोट्यांचा ढीग.

(क्लोजअप : धोंडा, तिरपं ऊन)
उन्हं कलली की धोंड्यांवरचे हे खळगे उठून दिसतात. ओळीने कोरलेले, कुठे दोन ओळी समांतर. का कोरले, याचे तर्क पुष्कळ झाले. खात्रीचं उत्तर एकही नाही.

(माहूरझरीचा रस्ता)
इथून जवळच माहूरझरी. १९७०च्या सुमारास शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा माणसांबरोबर पुरलेले घोडे मिळाले, डोक्यावर तांब्याचा साज चढवलेले. घोड्याला असा मान देणारी ही माणसं साधीसुधी नव्हती, एवढं आम्ही बिनधास्त म्हणतो.

जुनापाणीत पहिली कुदळ पडली ती एकोणिसाव्या शतकात, रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळात. त्याला मिळालेल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचल्या. शास्त्रशुद्ध उत्खनन १९६१-६२ साली, बी. के. थापर यांचं.

(मुरमाची खाण, ट्रक)
वर्तुळं टिकली कारण अशा खडकाळ जमिनीत पीक येत नव्हतं. सातबाऱ्यावर ती पोटखराबा. आता याच पोटखराब्यातला मुरूम रस्त्यांना आणि लेआउटना लागतो. नागपूरभोवतीची कित्येक वर्तुळं त्यात गेली.