टीएल, रनशीट आणि रात्रीची कॅश

[दृश्य: नाशिकमधलं, अंबडच्या बाजूचं एक कुरिअर हब. शटर अर्धं वर, आत ट्यूबलाइट, बाहेर ओळीत दुचाक्या.]

सकाळी साडेसातच्या सुमारास रात्रीची लाइनहॉल गाडी, म्हणजे बाहेरगावाहून माल आणणारी गाडी, रिकामी होते. गोण्या फुटतात, माल इनस्कॅन होतो, मग बीटप्रमाणे, म्हणजे वाटपाच्या भागाप्रमाणे, ढीग पडतात: सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, पंचवटी. नवाच्या आत प्रत्येक रायडरच्या नावावर रनशीट, म्हणजे त्या दिवशीच्या पार्सलांची यादी, चढलेली असते. दिवसभरात टीएलशी जी वादावादी होते, तिचं मूळ बहुतेक वेळा याच दीड तासात असतं.

टीएल म्हणजे टीम लीडर. बोर्डावर तो साहेब असतो, पण पगार बऱ्याचदा त्यालाही रायडरसारखाच ठेकेदाराकडून मिळतो. सकाळी वरच्या मॅनेजरचा कॉल येतो आणि त्यावर दोन-तीनच आकडे विचारले जातात. काल किती माल उरला, पहिल्या फेरीत किती टक्के गेला, ग्राहकांकडून घेतलेली कॅश पूर्ण जमा झाली का. त्याची चिडचिड या आकड्यांतून येते. म्हणून शिव्या माफ कराव्यात असं अजिबात नाही. पण तुमचं म्हणणं या तीनपैकी एखाद्या आकड्याला जोडून मांडलंत तरच ते त्याच्या कानात शिरतं. ‘सर, तुम्ही मला नेहमी त्रास देता’ हे वाक्य त्याने याआधी बऱ्याच जणांकडून ऐकलेलं असतं.

आणखी एक गोष्ट. ओरडणारा टीएल त्रासदायक असतो, धोकादायक मात्र गोड बोलणारा. ‘भाऊ, तू टाक ना रिमार्क, मी बघून घेतो,’ असं म्हणणाऱ्याच्या हबमध्ये महिनाअखेरीस रायडरच्या नावावर वसुली निघते. रिमार्क म्हणजे पार्सल का पोचलं नाही याचं ॲपवर टाकलेलं कारण.

[दृश्य: स्कॅनर हातात घेतलेला रायडर, पायाशी पार्सलांचा ढीग.]

आता रनशीट. ॲपवर ९२ दिसतात आणि हातात ९१ असतात, ही रोजची गोष्ट. ते एक पार्सल संध्याकाळी ‘शॉर्टेज’ होतं आणि ज्याच्या नावावर स्कॅन आहे त्याच्याकडून त्याची किंमत मागितली जाते. म्हणून बॅग भरण्याआधी प्रत्येक नग स्वतः स्कॅन करायचा, दुसऱ्याने स्कॅन करून दिलेला ढीग उचलायचा नाही. आकडा जुळला नाही तर तिथेच रनशीटमधून ते पार्सल काढून घ्यायला सांगा. घाईत ‘संध्याकाळी बघू’ म्हटलं जातं आणि संध्याकाळी कोणी बघत नाही. काढलं नाहीच, तर रनशीटच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि हबच्या बाहेर पडायच्या आधी टीएलला वैयक्तिक मेसेज करा: एडब्ल्यूबी (पार्सलवरचा) नंबर, ‘हातात मिळालं नाही’, वेळ. फाटलेला किंवा पुन्हा टेप मारलेला खोका असेल तर चारही बाजूंचे फोटो काढा, लेबल दिसेल असे.

पुढचा वाद म्हणजे लोड. ‘जास्त आहे’ म्हणून उपयोग नाही, वेळ मोजून सांगा. एका पार्सलला सरासरी पाच मिनिटं धरली तरी ९० पार्सलांना साडेसात तास लागतात, त्यात जेवण नाही आणि पेट्रोलही नाही. गंगापूर रोडच्या मोठ्या सोसायटीत गेटवरची नोंद, लिफ्ट आणि ओटीपी यांतच ही पाच मिनिटं संपतात. जुन्या नाशकात, दहीपूल-भद्रकालीच्या गल्ल्यांत, गाडी लावून चालावं लागतं.

बाहेरून बदलून आलेल्या टीएलला हे ठाऊक नसतं. ४२२००३ हा पिनकोड पंचवटी कारंजालाही आहे आणि शहराच्या टोकाला असलेल्या आडगावलाही. पिनकोडवर ढीग लावला की दोन्हीकडचा माल एकाच रायडरच्या बॅगेत येतो आणि त्याचा दिवस आग्रा रोडवर ये-जा करण्यात जातो. तसंच शनिवारचं. सातपूर-अंबडच्या पुष्कळ कारखान्यांना त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते, तरी कंपन्यांची पार्सलं रनशीटवर चढतात आणि जशीच्या तशी परत येतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाट आणि सराफ बाजाराकडचा भाग बंद होतो. त्या दिवशी सकाळीच सांगा, ‘सर, हे १४ नग उद्यावर ठेवा, नाहीतर आपल्याच हबचा टक्का पडेल.’ आपल्याच हबचा, हे शब्द मुद्दाम वापरायचे. सोबत बंद रस्त्याचा फोटो द्यायचा.

बोलायची वेळही निवडावी लागते. सकाळी सॉर्टिंग चालू असताना आणि रात्री कॅश मोजताना कुठलाही टीएल ऐकून घेत नाही. दुपारी दोन-तीनच्या मध्ये त्याचाही दिवस जरा सैल असतो. ग्रुपवर कधीच भांडू नका. तिथे मॅनेजर असतो, टीएलची मान खाली गेली की तो राग पुढच्या महिन्याच्या बीटमध्ये उतरतो.

[दृश्य: संध्याकाळ. द्वारका चौकात अडकलेली रहदारी.]

सहाच्या पुढे फोन येतो. ‘उरलेल्यांना कस्टमर नॉट अव्हेलेबल टाक आणि ये.’ सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं. रिमार्क रायडरच्या आयडीवरून पडतो, लोकेशन नोंदलं जातं, ग्राहकाला फोन केला होता की नाही हेही तपासता येतं. ग्राहकाने ‘कोणी आलंच नाही’ अशी तक्रार केली की फेक अटेम्प्टचा, म्हणजे न जाताच गेल्याचं दाखवल्याचा, ठपका रायडरवर येतो, कारण सांगणाऱ्याने फक्त तोंडी सांगितलेलं असतं.

तोंडी आदेश लेखी मागितला तर तो मिळत नाही, उलट शत्रुत्व येतं. मग तुम्हीच लिहा: ‘सर, २३ नग उरलेत. तुम्ही आत्ता फोनवर नॉट अव्हेलेबल टाकायला सांगितलंत. या ग्राहकांना कॉल झालेले नाहीत, म्हणून पेंडिंग ठेवतोय. उद्या सकाळी हेच आधी काढतो.’ शेवटचं वाक्य विसरू नका, त्यात त्याच्या सकाळच्या कॉलसाठी उत्तर आहे. मेसेज गेल्यावर लगेच स्क्रीनशॉट घ्या. पुढे टीएलने स्वतःचं उत्तर ‘सगळ्यांसाठी’ पुसून टाकलं तर हाती काही राहत नाही.

कॅशचं सांगायचं तर नियम साधा आहे आणि तोच सर्रास मोडला जातो. नोटा टेबलावर, टीएलच्या समोर, दोघांनी मोजायच्या. ५००च्या किती, २००च्या किती, १००च्या किती हे कागदावर लिहून, त्याची सही घेऊन, कागदाचा फोटो काढायचा. सही देत नसेल तर तेच आकडे त्याला मेसेज करा आणि ॲपवर जमा रक्कम चढेपर्यंत हब सोडू नका. ‘ठेव तिथे, नंतर मोजतो’ या तीन-चार शब्दांत हजार-बाराशे रुपये गेलेले रायडर कुठल्याही हबमध्ये भेटतील.

क्यूआरचं वेगळंच. ग्राहकाच्या मोबाइलवरचा हिरवा टिक पुरावा नाही. तुमच्या ॲपवर ‘पेमेंट मिळालं’ दिसल्याशिवाय डिलिव्हर्ड करू नका. आणि नेटवर्क नाही म्हणून स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेणं, टीएलने सांगितलं तरीही, टाळा. कागदावर ते अपहारासारखं दिसतं.

[दृश्य: पगाराच्या मेसेजचा क्लोज-अप, ‘डिडक्शन’ हा शब्द.]

पगारातून कापाकापी हा टीएलचा अधिकार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. तिच्यानुसार दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, म्हणजे १८,००० रुपयांवर फार तर ५४०. तोही म्हणणं मांडायची संधी दिल्यावरच. मालाच्या नुकसानीची वसुली करायची, तर ते नुकसान थेट तुमच्या निष्काळजीपणामुळे झालेलं असलं पाहिजे. सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ नये. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत यायला हवा.

म्हणून आधी ठेकेदाराच्या एचआरला ईमेल करा: कपातीची रक्कम, तारीख, कारण आणि आधार लेखी मागा. मेसेज, कॅशचे कागद, रनशीटचे स्क्रीनशॉट तारखेप्रमाणे जोडा. उत्तर आलं नाही, तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज. पैसे देणं लागू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, पण पुरावे मात्र मोबाइल बदलेपर्यंतच टिकतात, तेव्हा ईमेलवर प्रत ठेवा.

हे ठेकेदाराच्या पगारपत्रकावर असलेल्यांसाठी. जेवण किंवा किराणा पोचवणाऱ्या ॲपचे ‘पार्टनर’ असाल, तर हा आधार इतक्या सहज हाती येत नाही. तिथे साहेब म्हणजे रेटिंग आणि आयडी. आयडी बंद झाला तर ॲपमधल्या मदत विभागात तिकीट काढा, तिकीट क्रमांक जपा, झोनच्या माणसाशी फोनवर झालेलं बोलणं त्याच तिकिटात लिहा. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार आले आहेत, तेव्हा सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा.

महिला रायडरला टीएलकडून लैंगिक स्वरूपाचा त्रास होत असेल तर हा हबमधला वाद राहत नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी.

[दृश्य: बॅग आणि ओळखपत्र टेबलावर ठेवणारे हात.]

काही टीएल बदलत नाहीत. तेव्हा दुसरं हब शोधणं हा शहाणपणाच, नाशकात अशी हबं बरीच आहेत. फक्त रागात सोडू नका. राजीनामा ईमेलवर द्या, नोकरी सुटल्यावर थकीत पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा. पीएफचा यूएएन क्रमांक लिहून घ्या आणि उमंग ॲपवर पीएफ खरंच भरला आहे का ते बघा. बॅग, टी-शर्ट, ओळखपत्र परत दिल्याची पावती घ्या. आणि शेवटच्या दिवशी, हबमध्येच, ॲपवर तुमच्याकडची कॅश शून्य दाखवत आहे याचा स्क्रीनशॉट काढा. आयडी बंद झाला की ते पान पुन्हा उघडत नाही.