कोपर आणि वही

(पडद्यावर टेबलावर टेकवलेला एक कोपर. शेजारी जाड पुठ्ठ्याची वही.)

हा माझा डावा कोपर. कॅमेरा अजून जवळ आणा, आता लाजण्यासारखं काही उरलेलं नाही. लालसर चट्टा, कडा पेन्सिलीने गिरवाव्यात इतक्या ठळक, आणि वर चंदेरी खपल्या. सकाळी चादर झटकली की खिडकीच्या उन्हात जो भुगा तरंगतो, तो माझाच. सोरायसिस. बारा वर्षं झाली.

एक गोष्ट आधीच उरकून टाकतो. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. हातात हात दिल्याने नाही, एका टॉवेलने नाही, एका पलंगावर झोपल्याने नाही. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा या डॉक्टरांनी १८४१ साली सोरायसिस आणि कुष्ठरोग हे दोन निरनिराळे आजार आहेत हे स्पष्ट केलं. त्याला पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली, तरी लिफ्टमध्ये माझा कोपर दिसला की लोक अर्धं पाऊल मागे सरकतात. असो.

(त्वचेच्या थरांचं चित्र.)

कातडीच्या तळाशी नवी पेशी जन्मते, हळूहळू वर सरकते, वाटेत पिकते आणि शेवटी गळून पडते. निरोगी कातडीत या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तो तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशींना पिकायला वेळच मिळत नाही. कातडीच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशीत केंद्रक उरायला नको. इथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ते तसंच शिल्लक असतं. कच्च्या पेशींची ही गर्दी म्हणजेच खपली.

ही घाई कातडीला लावतं कोण? आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा. तिच्या टी पेशी, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, नसत्या शत्रूसाठी धोक्याची घंटा वाजवत राहतात. टीएनएफ अल्फा, इंटरल्यूकिन १७, इंटरल्यूकिन २३ ही त्या घंटेची रासायनिक नावं. आजची महागडी इंजेक्शनं नेमकी यांनाच अडवतात. म्हणजे चट्टा दिसतो कातडीवर, पण आग आत असते. आणि म्हणूनच जेवण आणि व्यायामाचा प्रश्न निघतो. एरवी वरून मलम लावून काम भागलं असतं.

(वजनकाट्यावर दोन पावलं.)

चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार, असं मला वाटायचं. ते तसं नाही. पोटाभोवतीची चरबी स्वतः रसायनं सोडते, आणि त्यांत टीएनएफ अल्फासुद्धा असतो. त्याच आगीत आणखी तेल. इटलीत वजन जास्त असलेल्या ३०३ रुग्णांवर एक चाचणी झाली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. औषध सगळ्यांना चालूच होतं. एका गटाला वीस आठवडे आखून दिलेला आहार आणि व्यायाम, दुसऱ्याला फक्त वजन कमी करण्याचे फायदे समजावून सांगणं. चट्ट्यांचा विस्तार, लाली, जाडी आणि खपल्या मोजून जो गुणांक काढतात, तो पहिल्या गटात ४८ टक्क्यांनी उतरला, दुसऱ्यात सुमारे २५ टक्क्यांनी.

आकडा चांगला आहे, पण तो नीट वाचा. दुसरा गटही सुधारला, कारण औषध होतं. पहिला जास्त सुधारला, कारण औषधाला जोड मिळाली. आणि चाचणी वजन जास्त असलेल्यांची होती. सडपातळ माणसाने हे ऐकून उपाशी राहायला सुरुवात केली, तर हाती अशक्तपणाच येईल.

(वहीचं पहिलं पान. लांबलचक यादी, प्रत्येक ओळीवर फुली.)

आता माझा मूर्खपणा. आजाराच्या तिसऱ्या वर्षी मी एका सोमवारी अकरा पदार्थ सोडले. दूध, गहू, साखर, टोमॅटो, वांगं, मांस, अंडी, कॉफी, बाकीचे आठवतही नाहीत. ज्याने ज्याने जे जे सांगितलं, ते ते. दोन महिन्यांत चट्टे फिके पडले. मी भेटेल त्याला सांगत सुटलो. डिसेंबरात सगळं दामदुप्पट परत आलं, आणि ताटात तर काहीच बदललेलं नव्हतं.

बदललं होतं ऊन. ते दोन महिने भर उन्हाळ्याचे होते आणि मी रोज उघड्या हातांनी बाहेर असायचो. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी बऱ्याच रुग्णांचे चट्टे निवळतात. दवाखान्यात याच किरणांचा मोजून उपचार देतात. श्रेय मी वांग्याला दिलं.

सोरायसिसची खरी लबाडी हीच. तो आपला आपण वाढतो, आपला आपण ओसरतो. ओसरताना तुम्ही जे काही करत असाल, ते औषध वाटू लागतं. अमेरिकेत १,२०६ रुग्णांना विचारलं, तेव्हा ८६ टक्के लोकांनी खाण्यात काही ना काही बदल केल्याचं सांगितलं. प्रत्येकाकडे आपापली यादी आहे. एकाची यादी दुसऱ्याला लावायची, हा मात्र निव्वळ जुगार.

(वहीचं नवं पान. चार रकाने.)

मग ही पद्धत आली. आहारतज्ज्ञ बाईंनी माझी फुल्यांची यादी बघितली आणि म्हणाल्या, "अकरा दिवे एकदम विझवलेत, आता अंधार कुठल्यामुळे झाला ते सांगा." त्या दिवसापासून एका वेळी एकच बदल, आणि तो किमान सहा आठवडे. दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, त्याच अंतरावरून कोपराचा फोटो. शेजारी मोजपट्टी. आणि खाण्याबरोबर झोप, घसा, ताण, सिगारेट, नवीन गोळी हेही लिहायचं, कारण यांतली प्रत्येक गोष्ट चट्टे उफाळून आणू शकते. घशाचा स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग तर यासाठी कुप्रसिद्धच आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारावर देतात ते लिथियम यांनीही आजार बळावू शकतो.

वहीने मला काय सांगितलं? दूध सोडल्याने काही फरक नाही. टोमॅटोने नाही. दारूने मात्र हो. दोन पेल्यांच्या वर गेलो की आठवड्याभरात खाज. गोड पेयं बंद केली तेव्हा आधी वजन उतरलं आणि चट्टे बऱ्याच मागाहून. सगळ्यांत मोठा फटका तीन रात्रींच्या जागरणाचा निघाला, आणि जागरण कुणाच्याच यादीत नव्हतं. ही माझी उत्तरं. तुमची वही वेगळं बोलेल.

ग्लूटेनबद्दल, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाबद्दल, मला सर्वांत जास्त विचारलं जातं. अमेरिकेच्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ साली सगळा पुरावा चाळला. वजन जास्त असेल तर कमी उष्मांकाच्या आहाराने ते उतरवा, ही शिफारस त्यांनी ठामपणे केली. ग्लूटेन सोडण्याची शिफारस केली ती जरा हात राखून, आणि तीही रक्तात ग्लूटेनविरोधी प्रतिपिंडं सापडलेल्यांनाच. इथे एक खाचखळगा आहे. आधी गहू सोडला आणि मग तपासणी केली, तर ती खोटीच नकारार्थी येऊ शकते. म्हणून आधी रक्त, मग निर्णय.

ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आपल्या मनाने वाढवू नका. अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम चढतं. माशाच्या तेलाचे निकाल कधी इकडे, कधी तिकडे. त्यापेक्षा भरपूर भाज्या, फळं, डाळी, अख्खी धान्यं, मासे आणि ऑलिव्ह तेल अशा जेवणाबद्दल जास्त बोलता येतं. फ्रान्समधल्या एका मोठ्या पाहणीत असं जेवणाऱ्या रुग्णांमध्ये तीव्र सोरायसिस कमी आढळला. पाहणी आहे, पुरावा नव्हे, पण असं जेवून कुणाचं नुकसान तरी होत नाही.

आणि तुमचं औषधही तुमच्या ताटात हात घालतं. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर दारू म्हणजे यकृतावर दुहेरी भार. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्याने ग्रेपफ्रूट टाळायचं, त्याने रक्तातलं औषध वाढतं. ॲसिट्रेटिनने रक्तातली चरबी चढते. 'व्यक्तिगत आहार' हा शब्द फार चकचकीत झालाय; माझ्या लेखी त्याचा अर्थ इतकाच, की तुमचं वजन, तुमच्या गोळ्या, तुमचे इतर आजार समोर ठेवून कुणीतरी तुमचं ताट बघितलं पाहिजे.

(पहाट. बुटांची नाडी बांधणारे हात.)

व्यायामाचं सांगणं सोपं, करणं अवघड. थकवा हे एक कारण. खरं कारण सांगू? अर्ध्या बाह्यांचा शर्ट. व्यायामशाळेत, पोहण्याच्या तलावावर, लोक बघतात. मी पहिले चार महिने अंधारातच चालायचो. दहा मिनिटं. मग पंधरा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तिथपर्यंत पोचायला मला वर्ष लागलं.

घासलेल्या, खरचटलेल्या जागी नवा चट्टा उगवतो. याला केबनर परिणाम म्हणतात. माझ्या चड्डीच्या घट्ट इलॅस्टिकने कमरेभोवती लाल पट्टा उठवला, तेव्हा मला तो कळला. आता सैल, मऊ कपडे. घर्षणाच्या जागी निघण्याआधी मलम. आल्यावर कोमट पाण्याने घाम धुऊन अंग ओलसर असतानाच पुन्हा मलम. पोहलात तर क्लोरीनचं पाणी लगेच धुवा, ते कातडी कोरडी करतं. तळपायाला भेगा असतील त्या दिवशी चालण्याऐवजी सायकल.

एकदा टाच दुखू लागली. जास्त चाललो, असं समजून मी तीन आठवडे पाय वर करून पडलो. दुखणं वाढलंच. सकाळी उठल्यावर पाऊण तास पाय आखडलेले, आणि हालचाल केली की सैल. डॉक्टरांनी एवढं ऐकलं आणि सांध्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने उतरणारं दुखणं, अख्खं बोट सुजणं, टाच धरणं ही सोरायसिसच्या संधिवाताची लक्षणं असू शकतात, आणि सोरायसिसच्या रुग्णांत तो दुर्मीळ नाही. तो अंगावर काढला तर सांधा कायमचा बिघडतो. ती तीन आठवड्यांची विश्रांती मला अजूनही खटकते.

दुसरी चूकही सांगून टाकतो. चालणं रुळलं, वजन सात किलोंनी उतरलं, तेव्हा मी मलम बंद केलं. कुणालाही न विचारता. महिन्याभरात पाठ भरली. माझं मलमावर निभावलं. पोटातून स्टिरॉइड घेणाऱ्याने असं अचानक थांबवलं तर सर्वांग लाल होऊन किंवा पूच्या पुळ्या उठून रुग्णालयात भरती व्हावं लागू शकतं.

(वहीचं आजचं पान.)

आज रविवार. झोप सहा तास. चालणं चाळीस मिनिटं. घसा ठीक. डावा कोपर, मोजपट्टीवर अडीच सेंटीमीटर. याच महिन्यात गेल्या वर्षी चार होता. उजव्या नडगीवर एक नवा ठिपका, कारण अजून सापडलेलं नाही.

थांबा, फोटो राहिला. खिडकीचा पडदा जरा बाजूला करता का?